निळ्याचं पिवळं

इंजिन सुरू ठेवून दिगंबरने रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवली आणि तिच्यावरचा रबरी फुगा दाबायला घेतला. नळीत निळं औषध होतं. इंजिनातला धूर पाण्यात शिरत असेल, तर ते पिवळं पडणार होतं.

धाकटा मोरेश्वर शेजारी उकिडवा बसून एकटक बघत होता. आईच्या छातीत कळ आली तेव्हा तोच तिला या गाडीतून शहरात न्यायला निघाला होता. घाटात गाडी तापून बंद पडली आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत आईने त्याच्या मांडीवर जीव सोडला. तेराव्याला जमलेल्या भावकीने त्यालाच बोल लावला. वेड्यासारखी दामटली असेल, तापमानाच्या काट्याकडे बघितलंच नसेल.

औषध आधी हिरवट झालं, मग पिवळंधमक.

"आतलं गॅस्केट फुटलंय, पाणी तिथूनच जातंय," दिगंबर म्हणाला.

"मी घाटात दामटली म्हणून ना, दादा?"

दिगंबरने इंजिन बंद केलं. आई जायच्या आधी महिनाभर तो रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतत होता आणि रोज ते कमी होत होतं. त्या दिवशी घाईत मोरेश्वरला सांगायचं राहून गेलं. घरात हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"तसंच असणार," तो म्हणाला.

मोरेश्वरने मान हलवली. खिशातली गाडीची चावी काढून त्याने पुढे धरली. "यापुढे मी गाडीला हात लावणार नाही."

दिगंबरने चावी घेतली.