उठवू नका

सत्यशीलानं कडी वाजवायच्या आधीच आतून दार उघडलं. सहादेव ओठांवर बोट ठेवून बाहेर आला आणि त्यानं दार हळूच मागं ओढून घेतलं.

"झोपलीय," तो कुजबुजला. "आज उठवू नका."

"आक्का? अजून झोपल्यात?"

"व्हय. रोज चार-चार येळा उठती. पायाची आग हुती म्हनून वट्ट्यावर जाऊन बसती. आज एकदाबी उठली न्हाई." साठी ओलांडलेला तो माणूस लहान पोरासारखा हसला. "तुमचं चालनं लागू पडलं बघा."

शुगर दोघींनाही होती. सहादेवची बायको रतनबाई, म्हणजे आक्का, हिला सात वर्षांपासून, सत्यशीलाला दोन. रोज उजाडताना दोघी मिरजगावातून हायवेच्या कडेनं पेट्रोल पंपापर्यंत चालत जायच्या. चालण्यानं शुगर उतरते, झोपही लागते, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. काल संध्याकाळीही जाऊ म्हणून सत्यशीलानंच हट्ट धरला होता.

"लई दमली काल," सहादेव म्हणाला. "आली, गोळी घेतली न् आडवी झाली. जेवलीबी न्हाई."

"झोपू द्या, दाजी. मी जाते एकटी."

गारठा होता. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते. सत्यशीला हलक्या मनानं चालत राहिली. पंपाजवळ वळताना तिनं पुढच्या कामांची उजळणी केली. घरी गेल्यावर चूल पेटवायची, भाकरी खायची, मगच गोळी घ्यायची.

ती थबकली.

मग साडी वर खोचून ती पळत सुटली. पन्नाशीतली बाई हायवेनं पळताना पाहून एका ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

सहादेव वट्ट्यावर बसला होता. दूधवाल्याला तो हातानंच सांगत होता, आवाज करू नको.

"सरा, दाजी!"

आत रतनबाई उताणी पडली होती. उशी भिजली होती. एवढ्या थंडीत अंगाला घाम, आणि अंग गार. सत्यशीलानं तिला गदागदा हलवलं.

"आक्का! आक्का गं! दाजी, साखर आना!"

"साखर..." सहादेव दारातच उभा राहिला. "हिच्यासाठी बंद केली. घरात ठेवतच न्हाई आमी."

सत्यशीलानं शेजारून साखर आणून पाण्यात कालवली. पण रतनबाईची दातखीळ बसली होती. पाणी गालावरून मानेखाली ओघळलं. तोवर दूधवाल्यानं गल्लीतल्या भागवतचा टेम्पो आणला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. थोडा वेळ गेला. त्यांनी बोटाला सुई टोचून पुन्हा तपासलं, पापण्या उघडून बॅटरीचा उजेड टाकला, आणि दोघांना बाजूला घेतलं.

"शुगर वर आलीय. पण शुद्ध यायला हवी होती एव्हाना. नगरला हलवावं लागेल." त्यांनी कागद पुढं ओढला. "किती वेळ अशा होत्या, ते कळायला हवं. शेवटचं कधी बोलल्या?"

"कालच्याला, झोपताना." सहादेव अडखळला. "न्हाई. राती बोलली हुती. दोन वाजले असतील."

"नीट बोलल्या?"

"बरळत हुती. मला वाटलं सपान पडलंय. थोपटलं तिला. म्हनलं, झोप गप."

"काय बोलत होत्या, आठवतं?"

सहादेवनं मान खाली घातली. सत्यशीला शेजारीच उभी होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला,

"हळू चाल गं, म्हनत हुती. थांब जरा, म्हनत हुती."