हा एन कुणाचा?

"परत लिही," बाबा म्हणाले. "आणि आज डोकं बरोबर घेऊन ये."

तिने डस्टर उचललं. समोरच्या खोलीतल्या फळ्यावर कालची सिद्धता अजून तशीच होती, बाबांनी मारलेल्या भल्यामोठ्या फुलीसकट. तिने ती पुसली. खडूची भुकटी बाहीवर पडली. बाही सकाळपासून पांढरीच होती.

बसमध्ये उभं राहून तिचे पाय भरून आले होते. खांद्यावरची पिशवी दाराशीच टेकवली होती, ती उचलून आत न्यायचंही त्राण नव्हतं. ऑनर्सची परीक्षा तोंडावर आली होती, आणि आल्या आल्या चहाच्या आधी फळा, हा बाबांचा नियम.

"उशीर का?"

"कॉलेजात अडकले."

"कँटीनमध्ये?"

"नाही हो बाबा."

"मग तोंड असं का? गणित करणाऱ्याचं तोंड भुकेलं दिसावं, झोपाळू नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, आज राहू दे की. दमून आलीय ती. तुमचाही मघाशी डोळा लागत होता."

"परीक्षा तू देणार आहेस का?"

आई तिच्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "निदान सोपं काहीतरी घे."

"सोपं घेऊन काही कळायचं नाही, आई."

"आणि कळून तरी काय करणार आहेस?"

तिने खडू उचलला. आई आत गेली.

बाबांनी जन्मभर हाच विषय शिकवला. मुलं त्यांना एप्सिलॉन, म्हणजे गणितातली अगदी इवलीशी संख्या, म्हणत, किडकिडीत अंगकाठीमुळेही आणि एवढीशी चूकही सोडत नसत म्हणूनही. निवृत्तीनंतर त्यांच्या तावडीत ही एकटीच उरली होती.

सिद्धता जुनीच. फंक्शनांची एक रांग एका फंक्शनकडे सरकत जाते. रांगेतलं प्रत्येक फंक्शन अखंड असेल, तर शेवटी हाती लागणारंही अखंड असतं का? असतं, पण रांग सगळीकडे एकाच तालाने सरकत असेल तरच. रांगेत किती पुढे जायचं ते सांगणारा आकडा म्हणजे एन. तो सगळ्या बिंदूंना मिळून एकच लागतो. ती मात्र एका बिंदूपुरता एन निवडायची आणि तोच शेजारच्या बिंदूंना लावून मोकळी व्हायची.

बाबांना ते खुर्चीतूनच दिसायचं. "थांब! हा एन कुणाचा? या बिंदूचा. शेजाऱ्याला विचारलंस? एकाच्या पायाचं माप घेऊन अख्ख्या गल्लीला चपला शिवतेस होय गं?" मग उठून फुली. "अशाने तुला ऑनर्स कोण देणार? मी तर नाही देणार बुवा."

अलीकडे फुली जरा उशिरा यायची. काल तर त्यांनी फळा दोनदा वाचला आणि मग उठले. "सुधारतेयस की," असंही वर म्हणाले होते.

या फळ्यासमोर 'बरोबर' हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. आज तो ऐकू येणार की नाही, एवढ्या एकाच विचाराने तिचा हात जड झाला होता.

ती लिहीत गेली. एप्सिलॉनचे तीन भाग केले. बिंदू घेतला. एन निवडला. खडू मोडला, तेव्हा उरलेल्या तुकड्याने शेवटची ओळ पुरी केली आणि बाजूला सरकली.

बाबा पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला. ओठ हलवत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मधल्या ओळीपाशी त्यांचं बोट हवेत थांबलं.

तिने श्वास धरून ठेवला.

बोट पुढे सरकलं.

"बरोबर," बाबा म्हणाले.

"नीट बघा ना. घाई नाही."

"अगं बघितलं! कुठेही बोट ठेवायला जागा नाही." त्यांचा चेहरा उजळला होता. "शेवटी शिरलं बाई डोक्यात. ऑनर्स पक्कं समज. अगं ए, ऐकलंस का? पोरगी पास झाली!"

आई चहा घेऊन दारापर्यंत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"बरोबर म्हणाले?" तिने हळूच विचारलं.

मुलीने होकारार्थी मान हलवली. आई हातातल्या कपबशा खाली ठेवून तिथेच उंबऱ्याशी बसली.

फळ्यावरचा एन एकाच बिंदूचा होता. ऑनर्सच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना दुपारी कॉलेजात तिने याच ओळीवर अर्ध्या वर्गाचे गुण कापले होते, आणि संध्याकाळी घरी येऊन तीच ओळ रोजच्यासारखी मुद्दाम चुकीची लिहिली होती, बाबांनी पकडावी म्हणून.