जाळीआडून

पितळी जाळीला नाक टेकवल्याशिवाय खाली पार्लमेंटचं सभागृह दिसत नव्हतं. एस्थर राउटलेजने नाक टेकवलं. समोरच्या पुरुषांच्या गॅलरीत तिचा सासरा नेड टोपी मांडीवर ठेवून बसला होता, रविवारी प्रार्थनेला बसावा तसा. त्याला पास दिला होता खुद्द त्यांच्या गावच्या खासदारांनी, क्रॉस्थवेट साहेबांनी. एस्थरला मात्र नाही. "बाईमाणसाला त्यातलं काय कळणार? बाहेर थांबेल ती," असं ते म्हणाले होते.

तेव्हाच एस्थरच्या मनात पाल चुकचुकली. तिने दुसऱ्या एका खासदाराच्या बायकोला, मिसेस लॅथमना गाठलं आणि बायकांच्या या जाळीआडच्या गॅलरीत जागा मिळवली.

कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात तिचा नवरा जोएल गेला होता. दोष कामगारांवर आला, तर कंपनीच्या घरातून तिला पोरांसकट बाहेर पडावं लागणार होतं. मालकांची चौकशी मागतो, असा शब्द क्रॉस्थवेटनी नेडला दिला होता.

आता खाली क्रॉस्थवेट बोलायला उठले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, सभागृहात परके लोक दिसतायत."

एका सभासदाने एवढं म्हटलं, की बघायला आलेल्यांना बाहेर काढायचं, असा तिथला रिवाज. द्वारपालांनी नेडला उठवलं, वर्तमानपत्रवाल्यांनाही उठवलं. एस्थर शाल सावरून उभी राहिली.

"बसा हो," मिसेस लॅथम कुजबुजल्या. "आपल्याला नाही उठवत. जाळीमागची जागा सभागृहात धरतच नाहीत. आणि या पुरुषांच्या ते ध्यानातही राहत नाही."

"पण बाकीच्यांना का घालवलं, बाईसाहेब?"

"ऐका, कळेल."

क्रॉस्थवेट अगदी निवांत बोलले. चौकशीची गरज नाही. मालक सज्जन आहेत. राउटलेज नावाच्या कामगाराने खाणीत तंबाखूचा पाइप पेटवला, त्यातूनच सगळं घडलं. ती जाळी गदागदा हलवावी, इतका संताप एस्थरला आला. पण ती शेवटच्या शब्दापर्यंत बसून राहिली.

बाहेरच्या दालनात क्रॉस्थवेट नेडचा हात हातात घेऊन उभे होते.

"फार भांडलो तुमच्यासाठी, नेड. पण मालकांनी सगळ्यांना खिशात घातलंय. एकटा माणूस किती पुरा पडणार?"

नेडचे डोळे भरून आले होते. "साहेबांचे आभार मान, पोरी."

"मानते की, बाबा," एस्थर म्हणाली. "फक्त एक सांगा, साहेब. आमच्या जोएलने जन्मात तंबाखूला हात लावला नाही. त्याने खाणीत पाइप पेटवला, असं आत्ता आत म्हणालात, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

नेडने सुनेकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि आपला हात सोडवून घेतला.