पाहुणीची वाट

"सरदार नको," चष्मेवाला म्हणाला. "त्याची पिल्लं लहान आहेत अजून."

बायको बॅग घेऊन गच्चीवर आली होती. तिला एक कबूतर हवं होतं.

बावीस वर्षांच्या संसारात ती ढाबळीपाशी फारशी फिरकली नव्हती. कबुतरं त्याची, विणकाम आणि मांजरी तिची, अशी वाटणी होती आणि ती बरी चालली होती. पण मांजरीला वाटणी कोण समजावणार? तिनं एका दुपारी दोन पिल्लं फस्त केली. चष्मेवाल्यानं तिला पिशवीत घातलं आणि नदीपलीकडे नेऊन सोडलं. बायको बाजारातून परतली तेव्हा लोकरीचा गुंडा जागेवर होता, मांजरी नव्हती.

तीन दिवस ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी बहिणीकडे निघाली. बहिणीचं गाव बसनं चार तासांवर.

"माझी मांजरी नेलीत, मला एक कबूतर द्या," ती म्हणाली. "फोनवर आपण नुसते भांडतो. राग गेला की मी ते सोडीन. कुठूनही सोडलं तरी ते आपलं घर शोधत येतं, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? ते आलं की मला घ्यायला या. नाही आलं तर येऊ नका."

चष्मेवाला मनानं वाईट नव्हता. पण सरदार त्याचा जीव की प्राण, आणि रागात माणूस हाताला येईल ते देतो. त्यानं कोपऱ्यातल्या कप्प्यातून पाहुणीला काढलं. राखी रंगाची गरीब मादी. दोन वर्षांपूर्वी, चांगली मोठी झाल्यावर, समोरच्या बेकरीवाल्याच्या ढाबळीतून आणलेली, म्हणून पाहुणी. टोपलीत बसताना तिनं हूं की चूं केलं नाही.

त्यानंतर चष्मेवाला रोज संध्याकाळी लवकर दुकान बंद करून गच्चीवर उभा राहू लागला. पाठ बेकरीकडे आणि तोंड बहिणीच्या गावाच्या दिशेला. शेजारच्या काकू वाळलेले कपडे काढायला यायच्या आणि विचारायच्या, आली का? तो नुसती मान हलवायचा. काकूंना भडभडून यायचं. एवढा मोठा माणूस एका पाखरासाठी झुरतोय, हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं.

झुरत तर तो होताच. अंगावरचे कपडे सैल झाले. एका मास्तरांना त्यानं दुसऱ्याच कुणाच्या नंबरचा चष्मा दिला आणि ते बिचारे आठवडाभर भिंती चाचपत हिंडले. समोरच्या बेकरीचा पाव त्याला चालेनासा झाला, तो दोन चौक लांबून आणायचा. दुसऱ्या महिन्यात तर त्यानं बहिणीच्या गावाचं तिकीट काढलं, बसमध्ये जाऊन बसला आणि बस सुटायच्या आत उतरला.

"जायचं होतंत ना," काकू म्हणाल्या.

"कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच चुकलं माझं. आता उशीर झाला."

एका मांजरीपायी किती मनाला लावून घ्यायचं, असं काकूंना वाटलं. पुढे त्यानं सरदारसुद्धा कुणाला तरी देऊन टाकला.

वर्ष झाल्यावर बायको आली. विणकामाचं सामान न्यायला आले म्हणाली, पण सुया आणि लोकर पिशवीत भरूनही उठेना. त्यानं चहा केला. तो निवून गेला.

"एकच विचारायचंय," शेवटी ती म्हणाली. "खरं सांगा. पाहुणी आली होती का?"

त्यानं निवलेल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"मी तिला दुसऱ्याच दिवशी सोडली हो. सकाळी सातला. पायात लाल लोकरीचा धागा बांधला, म्हणजे तुम्हाला कळावं. चार महिने बॅग भरून दारात ठेवली होती. ती पोचली आणि तुम्ही आला नाहीत, असं असेल तर मी आत्ता निघते."

"आपल्या ढाबळीत नाही आली," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

बायकोनं डोळ्यांना पदर लावला. वाटेत ससाण्यानं धरली असेल, मी त्या मुक्या जिवाला मारलं आणि वर्षभर बोल मात्र तुम्हाला लावत बसले, असं म्हणून ती पाखरासाठी आणि त्याच्यासाठी, दोघांसाठी रडली. तिनं त्याची माफी मागितली.

"माझं ऐक," तो म्हणाला. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मांजरीचंच ना? सोडा आता. मी विसरले ते."

तो कप उचलून विसळायला घेऊन गेला. तिनं पिशवीतली लोकर काढून पुन्हा टोपलीत ठेवली.

त्या रात्री त्याला वर्षानंतर गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं, ओट्यावर चहाचं पाणी उकळत होतं आणि दाराची कडी काढलेली होती. त्यानं हाक मारली. खालून काकूंनी ओरडून सांगितलं, आत्ताच समोर पाव आणायला गेली, येईल इतक्यात.

तो अनवाणी धावत सुटला. जिन्याच्या वळणावरच ती वर येताना भेटली. हातात पाव नव्हता. तिनं मूठ उघडली. आत लोकरीचा एक धागा होता, उन्हापावसानं विटून गुलाबी झालेला.

"बेकरीवाला म्हणतो, त्या संध्याकाळीच त्यानं तुम्हाला हाक मारून पाहुणी दाखवली होती," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, असू दे तुझ्याकडेच, बसू दे बायकोला आठ दिवस वाट बघत."