फिनलेनं पाहिलेलं शहर

"तो हिरवा बाक कुठं आहे?" पेगी मॅकॉलेनं विचारलं.

विल्मा गेडिस चालता चालता थांबली. पाहुण्यांना अ‍ॅबर्डीन पायी फिरवून दाखवण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. त्याआधी ती शाळेत शिकवायची. पण बाक दाखवा, असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"कुठला बाक?"

"सेंट मॅकरच्या चर्चमागचा. मोठ्या झाडाखाली आहे म्हणे. माझा फिनले दर रविवारी तिथं बसायचा."

सत्तरीची पेगी लुईस बेटावरून आली होती. आधी बोटीनं, मग दिवसभर बसनं. तिचा एकुलता मुलगा चार वर्षं या शहरात होता. फेब्रुवारीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि गेला. शवपेटी बोटीतून गावी आली, पुरून झाली. आता त्यानं पत्रांतून लिहिलेल्या जागा एकदा डोळ्यांनी पाहायच्या, एवढंच तिचं मागणं होतं.

तिनं पिशवीतून एक पत्र काढलं. विल्मानं हात पुढं केला, पण पेगीनं ते दिलं नाही. बेटावरच्या गेलिक भाषेतलं एकेक वाक्य उलगडून तीच सांगू लागली.

"म्हणतो, 'आई, या बाकावर बसलं की एका कानात चर्चची घंटा वाजते आणि दुसऱ्या कानात समुद्र.'"

विल्मानं शब्द ओळखले. ते वाक्य तिचंच होतं.

बारा वर्षांपूर्वी तिनं शहरावर एक पुस्तिका छापली होती. ती काही खपली नाही. शेवटी उरलेला सगळा गठ्ठा तिनं नदीपलीकडच्या तुरुंगातल्या वाचनालयाला देऊन टाकला. आणि तो हिरवा बाक? नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात झाडाची फांदी पडून त्याचा चुरा झाला होता. पुन्हा कुणी बसवला नाही.

फिनलेला या शहरात येऊन चारच वर्षं झाली होती.

पोरगं कुठं बसून लिहीत होतं, ते विल्माला कळलं. समोरची म्हातारी पत्राची घडी हळुवार घालत होती.

"तो काय, तोच बाक," भिंतीकडेच्या एका करड्या बाकाकडे बोट दाखवत विल्मा म्हणाली. "रंग तेवढा बदललाय."

पेगी जाऊन बसली. मान जराशी कलती करून बराच वेळ ऐकत राहिली.

"येतो बरं का समुद्र ऐकू," ती म्हणाली.

एक खोटं बोललं की दुसऱ्याला वाट मोकळी होते. बाल्गाउनीच्या जुन्या पुलावर विल्मानं फिनले कुठं उभा राहत असेल तेही सांगून टाकलं. मग दोघी बसनं बंदराकडे, फुटडीच्या कोळीवाड्यात आल्या. समुद्राकडे पाठ करून बसलेली तिथली बुटकी घरं पेगीला फार आवडली.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मिनानं हाक मारली. "काय गं विल्मा, आज एकच गिऱ्हाईक? बाकीची वाटेत बुडवलीस की काय?"

"तुझे पाव खाऊन आजारी पडलीत!"

पेगी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. ऊन ऊन खारे पाव घेऊन दोघी धक्क्यावर बसल्या. पेगीनं फिनलेचा फोटो काढून दाखवला. लालसर केस, पुढचा एक दात किंचित तुटका.

"इथं यायचा म्हणे तो. तुम्ही पाहिलंत का कधी?"

विल्मानं घास गिळला. "पाहिलंय की. तोंडओळख होती."

"हसत असायचा?"

"हो. अगदी मोकळं."

पेगीनं फोटो पदराआड धरावा तसा कोटाच्या आत धरला. विल्माला वाटलं, आता ही विचारणार, तो राहायचा कुठं? ती खोली दाखवा. उत्तराची जुळवाजुळव ती मनात करत राहिली. पण पेगीनं तेवढं मात्र काही विचारलं नाही.

शेवटची जागा टेकाडावरच्या जुन्या किल्ल्याची होती, नदीच्या पलीकडे. तिथून बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात. सरळ रस्ता तुरुंगावरून जातो, म्हणून विल्मानं टॅक्सीवाल्याला किनाऱ्यानं वळसा घ्यायला लावला.

धुकं नुकतंच निवळलं होतं. दोघी वाऱ्यात उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं पाण्यातून एक काळी पाठ वर आली, मागोमाग दोन.

"अगदी त्यानं लिहिलंय तसेच," पेगी म्हणाली. मग नजर पाण्यावरून न काढताच बोलली, "बाई, तुम्ही मला वळशानं आणलंत. सरळ आलो असतो तर ती भिंत लागली असती ना?"

विल्मानं होकारार्थी मान हलवली.

"सकाळी तुमच्याकडे यायच्या आधी मी त्या भिंतीपाशीच उभी होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या पत्राच्याही आधीपासून. तो असं लिहायचा, मीही तसंच उत्तर धाडायची. डॉल्फिन दिसले का रे? पुलावर वारा फार असतो का? तुरुंग हा शब्द आम्ही दोघांनीही कधी कागदावर येऊ दिला नाही."

विल्माच्या डोळ्यांना धार लागली. तिनं म्हातारीचा गारठलेला हात धरला. "तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून लिहीत असेल हो बिचारा."

"नाही, बाई," पेगीनं हात हलकेच सोडवून घेतला. "मी रात्री झोपावं म्हणून लिहायचा. पोलिसांना फोन मीच केला होता. त्याच्यादेखत."