दिवाळीचं तेल

चारकोपला मामाकडे राहायला आले तेव्हा नऊ वर्षांची होते. पहिल्याच दिवाळीत मामीनं आपल्या मुलांना पाटावर बसवून तेल लावलं आणि माझ्या हातात वाटी दिली. "तुझं तू लाव गं, मोठी आहेस." मोठी नव्हते, मला एचआयव्ही होता. दरवर्षी तेच झालं. आता सतरावं चालू आहे. गोळी चुकवत नाही. पायांना मुंग्या येतात म्हणून दवाखान्यातली ताई दर शनिवारी मालीश करते. यंदा मुलांच्या आधी मीच पाटावर बसले. "मामी, मला लाव." मामी वाटी धरून उभीच. "ताई मला चोळते आणि घरी जाऊन त्याच हातांनी बाळाला भरवते. हात लावून हे होत नाही." मामीनं बांगड्या वर सरकवल्या. तिची तेलाची बोटं खांद्यावर जेमतेम टेकली. "जोरात चोळ गं," मी म्हटलं, "मी काय काचेची आहे?"