जयंतीची शेरवानी

शेरवानीचं बटण केरबाच्या पोटावर अडलं, तसा पिराजी टेलर मान फिरवून उगाच कात्री शोधायला लागला. कात्री त्याच्या समोरच पडली होती.

"काय रं, हे लागंना की!" केरबा आरशापुढं पोट आत ओढत म्हणाला. "यंदा कापड कमी पडलं व्हय?"

कापड कमी पडलं नव्हतं. शेरवानी केरबाची नव्हतीच. ती त्याच्या पोराच्या, संग्रामच्या मापाची होती.

केरबाची भीमगीतं झाल्याशिवाय कोल्हापूर भागात आंबेडकर जयंती झाल्यासारखी वाटायची नाही, एवढं त्याचं नाव. दर जयंतीला त्याला नवी निळी शेरवानी लागे आणि ती मंगळवार पेठेतल्या पिराजीच्याच हातची. पिराजीकडं नंतर बडे बडे कलाकार आले. ऑर्केस्ट्रावाल्यांचे झगमगीत कोट त्यानं शिवले, शाहिरांचे अंगरखे शिवले. टीव्हीवर गाणं लागलं की घरची माणसं सूर ऐकायची आणि हा बाबा गाणाऱ्याच्या काखेतली चुणी बघत बसायचा. पण सुरुवात केरबापासून झाली होती. दोघंही तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली पोरं. उधारीच्या कापडाची ती पहिली शेरवानी घालून केरबा स्टेजवर उभा राहिला आणि रातोरात गाजला. "ही शिवली कुणी?" असं विचारत मग बाकीचे पिराजीच्या दुकानाची पायरी चढले.

गेल्या वर्षी पेठ वडगावच्या कार्यक्रमात केरबा गाता गाता अडकला. एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लोकांनी आधी टाळ्या दिल्या, मग कुणी हात उचलेना. शेवटी संग्रामनं मागून पुढं होऊन गाणं उचललं आणि वेळ मारून नेली. त्यानंतर गडमुडशिंगीत तेच झालं, आणखीही एकदोन ठिकाणी झालं. केरबाच्या मते माईकवाले भिकार होते.

चार दिवसांपूर्वी संग्राम दुकानात आला. स्वतःचं माप दिलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिला. चांगला बापई माणूस, दोन लेकरांचा बाप, पण डोळ्यांत पाणी.

"पिराजीमामा, यंदा मी गाणार हाय. जयंतीच्या कमिटीनंच सांगितलंय तसं. आबांना तेवढं तुम्ही सांगा. माझी जीभ उचलत न्हाय. तुमच्या शब्दाभाईर न्हाईत ते."

पिराजीनं हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं! त्यानंतर रोज तो केरबाच्या घरी जायला निघायचा आणि कोपऱ्यावर चहा पिऊन परत यायचा. आज केरबाच दुकानात आला. हँगरवरची निळी शेरवानी बघून लहान पोरासारखा हरखला. पिराजी तोंड उघडेपर्यंत ती अंगात घालून मोकळासुद्धा झाला.

आता सांगायलाच हवं होतं. याहून बरी वेळ येणार नव्हती.

"केरबा, जरा बस. बोलायचं हाय तुझ्याशी."

"थांब, थांब. हात उचलून बघू दे आधी."

ही त्याची जुनी सवय. स्टेजवर हात उंचावला की काखेत ओढ बसता कामा नये, म्हणून ट्रायलला तो गाऊनच बघायचा. त्यानं डोळे मिटले, उजवा हात वर नेला आणि मुखडा उचलला. आवाज अजून तसाच. रस्त्यावरची दोन माणसं थबकली. पिराजीच्या अंगावर काटा आला आणि त्याला वाटलं, पोरगं चुकतंय, कमिटी चुकतीय, ह्याला काही झालेलं नाही.

मग अंतरा आला. केरबानं पहिली ओळ म्हटली. तीच परत म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. हात तसाच वर. त्यानं डोळे उघडले आणि आरशातून पिराजीकडं बघितलं. त्या बघण्यात इतकी भीती होती की पिराजीला ते सोसवेना. हा माणूस उभ्या हयातीत कुणाला भ्यायलेला त्यानं पाहिला नव्हता.

"काखेत ओढतंय," केरबा हळूच म्हणाला. "म्हणून अडकलं. व्हय की न्हाय?"

संग्रामला दिलेला शब्द पिराजीच्या ओठांवर आला आणि तिथंच विरून गेला.

"व्हय," तो म्हणाला. "माझंच माप चुकलं."

केरबाचा चेहरा खुलला. हात खाली आला. शेरवानी उतरवून त्यानं नीट घडी घातली, गल्ल्याजवळ ठेवली. मग पिराजीकडं बघता बघता त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"आयला, तुझ्या हातनं आणि चूक?"

"झाली खरी."

"मग बास कर आता, पिराजी. लई केलंस. संग्रामला सांगतो, यंदा दुसरा टेलर बघ म्हणून."

पिराजीला राग यायला हवा होता. राग आला नाही. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण केरबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता, मायेचा होता.

"वाईट वाटून घेऊ नगंस," केरबा म्हणाला. "थांबायचं कवा, हे आपलं आपल्याला कळाय पायजे. दुसऱ्यानं येऊन सांगायची पाळी कुणावर येऊ नये बघ."